थोमाचे आठ दिवस

चेन्नईच्या मैलापूर भागात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर सांतोमचं महामंदिर आहे. पांढरीशुभ्र गॉथिक वास्तू आणि उंच टोकदार मनोरा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात इथं चर्च बांधलं. आजची इमारत 1896 सालची. जमिनीखालच्या भागात एक थडगं आहे. येशूच्या बारा प्रेषितांपैकी संत थोमाला इथं मूठमाती मिळाली, ही भारतातल्या ख्रिस्ती लोकांची शेकडो वर्षांची श्रद्धा. परंपरा सांगते की तो इसवी सन 52 मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि 72 मध्ये मैलापूरपासून जवळच्याच एका टेकडीवर भाल्यानं मारला गेला. ख्रिस्ती आणि मुसलमान दोघंही या थडग्याच्या यात्रेला येतात आणि इथली माती आजाऱ्यांसाठी घेऊन जातात, असं मार्को पोलोनं तेराव्या शतकाच्या अखेरीस नोंदवून ठेवलं आहे.

ज्याच्या थडग्यापाशी इतके लोक विश्वासानं येत राहिले, तो स्वतः मात्र जगाला ठाऊक आहे संशयासाठी. योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट आहे. क्रूसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी, शिष्यांना दिसला. थोमा तेवढा तिथं नव्हता. तो परतल्यावर सगळ्यांनी त्याला आनंदानं सांगितलं, पण त्यानं ऐकून घेतलं नाही. खिळ्यांचे व्रण पाहीन, जखमेत बोट घालीन, तेव्हाच मानीन, असं त्यानं तोंडावर सांगितलं. पुढं येशू पुन्हा आला, त्यानं थोमाला आपल्या जखमा दाखवल्या आणि थोमानं त्याला आपला प्रभू, आपला देव म्हटलं. चित्रकारांनी त्याचं बोट जखमेत रंगवलं आहे. शुभवर्तमानात मात्र त्यानं हात लावल्याचा उल्लेख नाही. पाहणंच पुरलं असावं.

प्रवचनांतून आपण या दोन प्रसंगांबद्दल ऐकतो. त्यांच्या मधे आठ दिवस गेले, इतकंच योहान सांगतो आणि पुढं जातो. थोमा संत कसा झाला हे समजून घ्यायचं, तर या न सांगितलेल्या आठ दिवसांपाशी थांबायला हवं.

त्या घरात दहाजण हरखून गेले आहेत. त्यांच्या बोलण्यात सारखा तोच विषय. अकरावा माणूस त्यांच्यातच जेवतो, त्यांच्यातच झोपतो, आणि त्याला यातलं काहीही पटलेलं नाही. निघून जायला त्याला कोण अडवणार होतं? गालिलातलं घर होतं, जुनी कामं होती. ‘मलाही पटलं’ असं म्हणून मोकळं होणं तर त्याहून सोपं होतं. थोमानं दोन्ही केलं नाही. पटलं नाही ते पटलं नाही म्हणाला आणि तिथंच राहिला. आठ दिवसांनी येशू आला तेव्हा थोमा त्याच घरात होता, म्हणून भेट झाली.

संत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं येतो तो जन्मजात निःशंक माणूस. पाळण्यातच ज्याचे पाय दिसले, ज्याला कधी कंटाळा आला नाही, ज्याच्या प्रार्थनेला लगेच उत्तर मिळालं. अशा माणसापुढं हात जोडता येतात. त्याच्याकडून शिकायचं काय, हे कळत नाही. पण संतांची चरित्रं जरा निवांत वाचली, तर जवळजवळ प्रत्येकात थोमाचे हे आठ दिवस सापडतात. प्रश्न विचारून झालेला असतो, उत्तर आलेलं नसतं. कुणाच्या वाट्याला ते महिने होऊन येतात, कुणाच्या वाट्याला सारं आयुष्य.

मैलापूरमध्येच, याच थडग्यापाशी, संत फ्रान्सिस झेवियर यांनी असा काळ काढला. 1545 साली ते इथं आले तेव्हा भारतात येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. पुढं कुठं जायचं, हे उमगत नव्हतं. सुमारे चार महिने ते इथं राहिले. रात्री थोमाच्या समाधीजवळ प्रार्थना, दिवसा गावातल्या लोकांची कामं. मग पूर्वेकडं जायचं ठरलं आणि ते मलाक्काला निघाले. जपानपर्यंतचा त्यांचा प्रवास आपल्याला माहीत असतो, जुन्या गोव्यात त्यांच्या अवशेषांच्या दर्शनाला लोटणारी गर्दी माहीत असते. मैलापूरचे ते चार महिने सहसा कुणी आठवत नाही. संकल्प तर तिथंच पिकला होता.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचं आयुष्यही असंच अडलं होतं. वसईतल्या जेज्वीट फादरांच्या हाताखाली शिकलेला हा मुलगा त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, धर्मशिक्षकाचं काम करू लागला. जेज्वीट व्हावं ही त्याची इच्छा. ती पुरी होईना. शेवटी त्यानं वाट बदलली आणि व्यापार सुरू केला. तो चांगला चालला, पैसा आला, पण मूळची ओढ काही गेली नाही. पुढं मनिलाला फ्रान्सिस्कन संघात त्यांना साधा बंधू म्हणून प्रवेश मिळाला. जपानी येत असल्यामुळं दुभाषा म्हणून ते पुन्हा जपानला गेले, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत आणखी पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारले गेले. 1862 साली ख्रिस्तसभेनं त्यांना संतपद दिलं. भारतात जन्मलेले ते पहिले संत. ज्या दारानं आत जायचं होतं ते उघडलं नाही, म्हणून त्यांनी देवाशी भांडण मांडलं नाही. दुसरं दार लहान होतं, तर वाकून आत गेले.

मदर तेरेसांचे आठ दिवस तर जवळजवळ पन्नास वर्षं चालले. 1997 साली त्या गेल्या आणि दहा वर्षांनी त्यांची खासगी पत्रं पुस्तकरूपानं प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. देव जवळ असल्याचं जाणवत नाही, आत नुसता अंधार आहे, असं त्या आपल्या मार्गदर्शक धर्मगुरूंना वर्षानुवर्षं कळवत होत्या. आणि त्याच वर्षांत त्या कोलकात्याच्या रस्त्यांवरून मरणासन्न माणसांना उचलून आणत होत्या, त्यांच्या जखमा धूत होत्या. थोमाला जखमा पाहिल्यावर देव ओळखता आला. मदरना आत देव दिसत नव्हता, तरी हात जखमांवरच होते. 2016 साली त्यांना संत म्हणून घोषित करताना ही पत्रं आड आली नाहीत.

मराठी वाचकाला इथं इंद्रायणीचा काठ आठवेल. अभंगांच्या वह्या डोहात गेल्यावर तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून तिथंच बसून राहिले, असं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. वह्या वर आल्या, हा चमत्कार आपण मोठ्यानं सांगतो. बसून राहणं हळू आवाजात सांगतो. आपल्याला साधण्याजोगं असेल, तर ते मात्र हे बसून राहणंच.

आता एक सावधगिरी. प्रत्येक संशय थोमाचा नसतो. काही संशय सोयीचे असतात. काही करायला नको म्हणून ते जपले जातात. थोमाला उत्तर हवं होतं, आणि मिळालं तर त्याची किंमत मोजायला तो तयार होता. त्याचा स्वभाव पहिल्यापासून असाच. येशू यहुदियाला, म्हणजे जीवावरच्या संकटात, परत निघाला तेव्हा आपणही जाऊन त्याच्याबरोबर मरू, असं म्हणणारा थोमाच होता. शेवटच्या भोजनाच्या वेळी, तुम्ही कुठं चाललात तेच आम्हाला माहीत नाही, असं कबूल करणाराही तोच. संत होताना हा स्वभाव पुसला गेला नाही. आहे तसं बोलणारा आणि बोललेलं निभावणारा हा माणूस मग इतक्या दूर येऊन मरणाला सामोरा गेला, असं मैलापूर मानतं. पवित्र होण्यासाठी दुसऱ्याच कुणाचा तरी स्वभाव उसना आणावा लागत नाही. आपला आहे तोच पुरतो, फक्त तो देवाच्या हाती द्यावा लागतो.

आणि त्या घरातले बाकीचे दहा? त्यांचं श्रेय आपण कधी देत नाही. बाहेरच्यांच्या भीतीनं त्यांनी दारं लावून घेतली होती, पण विश्वास न ठेवणाऱ्या थोमाला त्यांनी आतच ठेवलं. आम्ही पाहिलं म्हणतो तरी तुझा विश्वास नाही, मग इथं कशाला राहतोस, असं त्याला कुणी विचारल्याचं योहान लिहीत नाही. त्यांनी त्याला आठ दिवस दिले. थोमाच्या संतपणात या दहाजणांच्या धीराचाही वाटा आहे.

आपल्या घरातही असा अकरावा कुणी असतो. देवाबद्दल, देवळाबद्दल, आपल्या साऱ्या रीतिरिवाजांबद्दल टोकदार प्रश्न विचारणारी तरुण मुलगी, किंवा मोठ्या दुःखानंतर प्रार्थना सोडून दिलेला भाऊ. त्याला पटवायची घाई आपल्याला फार असते. आज ती थोडी आवरू या. त्याचं पान आपल्याच पंगतीत वाढू या आणि त्याच्या प्रश्नाला त्याचा वेळ देऊ या. आणि तो अकरावा आपणच असू, तर आज जमेल तेवढं काम करावं, पटलं नाही ते खरं सांगावं आणि घर सोडू नये.