दोन्ही पक्षांस शून्याने गुणल्यास

टोंकखुर्द येथील एका स्नेह्यांच्या घरी गेलो असता त्यांची नात ओसरीवर गृहपाठ करीत बसली होती. शाळा हिंदी माध्यमाची, वर्ग सातवा आणि धडा 'सरल समीकरण'. वहीत ३क्ष + ५ = २० असे उदाहरण होते. मुलीने पाच पलीकडे नेले, चिन्ह बदलले आणि तीनने भागून क्ष = ५ असे उत्तर लिहिले. आजोबांनी विचारले, "पलीकडे गेल्यावर चिन्ह का गं बदलतं?"

"पक्षांतरण केलं की बदलतंच, आजोबा."

"तसं नाही. पाच कुठंच जात नाही. आपण दोन्ही बाजूंतून पाच काढून घेतो. एका बाजूला जे करायचं तेच दुसऱ्या बाजूला."

मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग दोन्ही पक्षांना शून्यानं गुणलं तर? तेही सारखंच झालं की!"

आजोबांनी आमच्याकडे पाहिले आणि आम्ही वहीकडे. तिचे म्हणणे नियमाला धरून होते. परतीच्या वाटेवर तो प्रश्न आमच्या मनातून जाईना, कारण तो केवळ गणिताचा नव्हता. सर्वांस सारखे वागविले म्हणजे न्याय झाला काय, असाच त्याचा अर्थ होता.

समीकरणातील 'पक्ष' हा शब्द जुना आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास आपल्या 'बीजगणिता'त जी रीत सांगितली ती आजही तीच आहे. अज्ञात राशीला 'यावत्तावत्', म्हणजे जितकी असेल तितकी, असे नाव द्यावे. प्रश्नात सांगितल्याप्रमाणे कृती करून दोन समान पक्ष मांडावेत. एकातील अज्ञात दुसऱ्यातून आणि दुसऱ्यातील ज्ञात अंक पहिल्यातून वजा करून शेवटी भागाकार करावा.

हे शास्त्र आपल्या माळव्यालाही परके नाही. देवासच्या शेजारच्या सीहोर येथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लान्सलट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयाखाली संस्कृत पाठशाळेत भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविले जात. नागपुरात शिकणाऱ्या बापूदेव शास्त्री या तरुण मराठी विद्यार्थ्याची गणितातील गती पाहून विल्किन्सनने १८३८ मध्ये त्यांस सीहोरला आणले. पुढे काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापन करीत असता बापूदेवांनी हिंदीत बीजगणित लिहिले. तेव्हा नातीचा हिंदी 'पक्ष' आणि आजोबांची मराठी 'बाजू' यांत वाटतो तेवढा दुरावा नाही.

आता मुलीची शंका पाहू. ३क्ष + ५ = २० या समीकरणाच्या दोन्ही पक्षांस शून्याने गुणले तर ० = ० असे उरते. हे विधान खोटे नाही. दोन्ही पक्षांस अगदी सारखी वागणूक मिळाली आहे. मात्र क्ष नाहीसा झाला. मूळ समीकरण केवळ पाच या संख्येने खरे ठरत होते. आता सात घ्या, सत्तर घ्या, काहीही चालते. पाच मिळविले असते तर ते पुन्हा वजा करता आले असते, तीनने गुणले असते तर तीनने भागता आले असते. शून्याच्या गुणाकारातून मात्र परत येण्याची वाट नाही. म्हणजे समीकरण सोडविताना समान वागणूक आवश्यक असली तरी पुरेशी नाही. ज्या कृतीने दोन्ही पक्ष आपापले मूळ रूप गमावून बसतात, ती समान असूनही निरुपयोगी ठरते.

शून्य सर्व काही गिळते, हे भास्कराचार्यांस ठाऊक होतेच. तरीही 'लीलावती'त ते सांगतात की, पुढे काही कृती करावयाची असेल तर शून्याने गुणलेली राशी 'खगुण' आहे हे ध्यानात ठेवावे. पुढे शून्यानेच भागावयाचे झाल्यास ती राशी जशीच्या तशी राहते. उदाहरणही ते देतात. एका संख्येस शून्याने गुणले, तीत तिचा अर्धा भाग मिळविला, तीनने गुणले, शून्याने भागले, तेव्हा ६३ आले. तर ती संख्या कोणती? त्यांचे उत्तर १४. चौदा आणि सात मिळून एकवीस, त्याची तिप्पट त्रेसष्ट. आजचे गणित ही रीत मान्य करीत नाही, कारण गिळलेली संख्या चौदा होती की चाळीस, हे शून्यास सांगता येत नाही. तर्काने पाहता आजचाच नियम योग्य. परंतु हिशेब पुरा होईपर्यंत शून्यात काय गेले याचे विस्मरण होऊ देऊ नये, ही त्या जुन्या आचार्यांची सावधगिरी आम्हांस मोलाची वाटते.

समान वाटणीचे नाव निघाले की आपल्या भागात देवासची आठवण होणारच. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंपासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये झाली आणि १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत ती एकाच नगरात शेजारी शेजारी नांदली. ई. एम. फॉर्स्टर यांच्या 'द हिल ऑफ देवी' (१९५३) या पुस्तकामुळे इंग्रजी वाचकांसही त्यांची ओळख झाली. एका नगरात दोन दरबार ही व्यवस्था खर्चिक होती आणि परक्यास ती हास्यास्पदही वाटावी. परंतु समानतेच्या नावाखाली त्यात कोणाचेही शून्य झाले नाही. दोन्ही पक्ष शिल्लक राहिले.

घरोघरी मात्र आपण पुष्कळदा दुसरीच रीत अवलंबितो. दोन भावांत शेतावरून तंटा झाला की वडीलधारे म्हणतात, "दोघांनीही यापुढे एक शब्द बोलायचा नाही." वागणूक समान, घर शांत. पण ज्याचे म्हणणे खरे होते आणि ज्याचे नव्हते, ते दोघेही त्या शांततेत सारखेच ठरतात. यावर कोणी म्हणेल की, घर टिकवायचे तर कधी कधी शून्य पत्करावेच लागते. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. रागाच्या भरात दोघांस गप्प बसविणे हाच त्या घटकेचा शहाणपणा असू शकतो. मात्र ती विश्रांती आहे, निवाडा नव्हे. मूळ तक्रार कोणीतरी लक्षात ठेविली पाहिजे आणि योग्य वेळी पुन्हा विचारली पाहिजे.

म्हणूनच समीकरण सुटल्यावर आपले जुने शिक्षक ताळा पाहावयास सांगत. हा ताळा शेवटच्या ओळीत पाहावयाचा नसतो; ० = ० ही ओळ तर कोणत्याही उत्तरास मान डोलावील. तो मूळ समीकरणात पाहावयाचा असतो. तिथे पाच ठेवून पाहिले की तीन पाचे पंधरा आणि पाच वीस. सात ठेविले तर सव्वीस, म्हणजे चूक. निवाड्याचेही तसेच आहे. निवाडा देणाऱ्यास तो किती समान वाटतो यापेक्षा, ज्याची तक्रार होती त्याच्या मूळ प्रश्नास त्याने उत्तर मिळाले का, हे पाहिले पाहिजे.

आजोबांनी त्या दिवशी नातीस एवढेच सांगितले, "शून्यानं गुणून बघ आणि मग तुझा क्ष कुठं गेला ते मला सांग." तिने गुणून पाहिले, थोडा वेळ वहीकडे पाहत राहिली आणि ती ओळ स्वतःच खोडून टाकली.