दूर्वा : पेरापेरातून पुन्हा



आजचं चिंतन दूर्वासूक्तावर. महानारायण उपनिषदात हे सूक्त येतं. त्यात ऋषी दूर्वेला देवी म्हणून हाक मारतात आणि सांगतात की ती कांड्याकांड्यातून, पेरापेरातून वाढत जाते. मग तिच्याकडे मागणं मागतात, आम्हालाही असंच शेकड्यांनी, हजारांनी वाढव.

ही नुसती स्तुती नाही, ऋषींनी गवत जवळून पाहिलंय. दूर्वा बहुवर्षायू आहे. तिची काही खोडं जमिनीवर सरपटतात, काही मातीखाली पसरतात. प्रत्येक पेरावर एक कळी असते. पेर ओल्या मातीला टेकलं की खाली मुळं फुटतात, वर नवा कोंब येतो. म्हणजे तिचा जीव एकाच मुळात अडकलेला नाही, तो पेरापेरात वाटलेला आहे. फुलोरा येतो तो हाताच्या बोटांसारखा, एका बिंदूतून तीन ते सहा तुरे. शास्त्रीय नाव 'सायनोडॉन डॅक्टिलॉन'. त्यातला 'डॅक्टिलॉन' हा शब्द ग्रीक भाषेतल्या बोटावरूनच आलाय.

आता अकोले तालुक्यात, राजूरकडच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा. बाप्पाच्या 21 दूर्वांच्या जुडीत जी दूर्वा, तीच त्याच्या शेतात हरळी! तिथे तिचं नाव कौतुकानं घेत नाहीत. नांगरताना तिचे तुकडे झाले की प्रत्येक तुकडा नव्यानं फुटतो. म्हणून काशा वेचून बांधावर टाकाव्या लागतात. उन्हाळ्यात माळ पिवळा पडतो, गुरं तिला पार जमिनीपर्यंत खातात. पहिला पाऊस पडला की ती परत हिरवी.

जी तोडली तरी संपत नाही, तीच आपण गणपतीच्या मस्तकी वाहतो. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कारण आपला नेम मोडतो ना! नोकरी बदलते, रूम बदलते, परीक्षा येते, घरात आजारपण येतं. रोजचं अथर्वशीर्ष चार दिवस राहतं, मग चार महिने. आणि मन म्हणतं, "आता काय उपयोग? सगळं पहिल्यापासून करावं लागेल." दूर्वा म्हणते, पहिल्यापासून कशाला? तुटलास तिथलंच पेर घे. आधी म्हटलेलं वाया गेलेलं नाही, ते त्या पेरात साठलेलं आहे.

फक्त एक अट आहे. पेर मातीला टेकावं लागतं. हवेत लोंबकळणाऱ्या पेराला मुळं धरायला जागाच नसते. "सोमवारपासून करतो" हे हवेतलं पेर. आज दिवा लावून दोन मिनिटं बसणं, हे मातीला टेकणं.

आजचा संकल्प : सुटलेला एकच नेम आठवा. तो पूर्ण नको, त्यातलं एक पेर आज रात्री झोपण्याआधी मातीला टेकवा.

गणपती बाप्पा मोरया!