एकाच तारेवरचे दोन वेग

झाशीहून कानपूर रस्त्याला बेतवेच्या काठी पारीछाचं औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा केंद्रातली टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे फिरते, सेकंदाला ५०. बेअरिंगपाशी बसवलेला प्रॉक्सिमिटी प्रोब शाफ्टला न शिवता त्याचं अंतर व्होल्टेजमध्ये सांगतो, मायक्रॉनमागे साधारण ८ मिलिव्होल्ट. झाशीतच राहणारे माझे मामा आयुष्यभर इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये होते. मी डेटाचं काम करते. या प्रोबवरून आमचा वाद अजून मिटलेला नाही.

मामा : त्या तारेवर दोन गोष्टी येतात. शाफ्ट बेअरिंगमध्ये कुठे बसलाय ती एक, आणि तिथे किती थरथरतोय ती दुसरी. बेअरिंगच्या अस्तराचं व्हाइट मेटल झिजलं की पहिली महिनोन्‌महिने सरकत राहते. तिला सेकंदाला एक सॅम्पल पुरे. थरथरीला अडीच हजार घे. यात अडचण कसली?

मी : तार एकच आहे, ही अडचण. ग्रिड ४९.९ हर्ट्झवर आहे, शाफ्टही त्याच तालात फिरतोय आणि तुम्ही फिल्टर न लावता सेकंदाला एक सॅम्पल घेताय असं धरा. सेकंदाभरात शाफ्टचे ४९ फेरे पुरे होतात आणि पन्नासावा जरासा अपुरा राहतो. प्रत्येक सॅम्पल आधीच्यापेक्षा थोडं मागे पडतं आणि ट्रेंडच्या आलेखावर दहा सेकंदांची संथ लाट उमटते. थरथर ५० मायक्रॉनची असेल, तर शाफ्टची जागाच तेवढी हलतेय असं दिसतं. प्रत्यक्षात ती जागची हललेली नसते. ग्रिड बरोबर ५० वर आली की लाट जाऊन सरळ रेघ येते, आणि तिचाही भरवसा नाही. फेऱ्यातला कोणता क्षण हाती लागला, त्यावर तिची उंची ठरते.

मामा : आमच्या वेळी असं कधी दिसलं नाही.

मी : तुमच्याकडे काट्याचा मीटर होता. काट्याला सेकंदाला पन्नासदा हलताच येत नाही, तो आपसूक सरासरी दाखवायचा. दर तासाला लॉगशीटवर चढणारा आकडा म्हणून विश्वासाचा होता. काटा गेला आणि कुणी मुद्दाम न बसवलेला फिल्टरही त्याच्याबरोबर गेला. म्हणून म्हणते, सॅम्पल एकदाच घ्या, जलद घ्या आणि त्यातूनच गाळून संथ आकडा काढा.

मामा : आणि व्होल्टेजचा आकडा करणारा तो एकुलता कन्व्हर्टर बिघडला तर? दोन्ही आकडे मिळून चुकतील, एकमेकांशी जुळतील, आणि जुळतात म्हणून तू निर्धास्त राहशील. संथ वाट वेगळी ठेव. तिचा कन्व्हर्टर वेगळा, त्याच्याआधी रेझिस्टर-कपॅसिटरचा फिल्टर.

मी : मग दोन कॅलिब्रेशन आली. आकडे जुळले नाहीत तर खरा कोणता मानायचा?

मामा : ते कळणार नाही. काहीतरी बिघडलंय एवढं कळेल. तुझ्या मांडणीत तेवढंही कळत नाही.

मी : प्रोबच ढिला झाला तर तुमच्या दोन्ही वाटा एकदम फसतील.

मामा : फसतील की. एकाच साक्षीदाराला दोनदा विचारलं म्हणून दोन साक्षी होत नाहीत. बेअरिंगला काटकोनात दोन प्रोब उगाच बसवत नाहीत.

इथे मला माघार घ्यावी लागली. संथ वाट वेगळी असावी, मात्र फिल्टरशिवाय नको, हे मी मान्य केलं. मामांनी लगेच दुसरीकडून धरलं.

मामा : जलद सॅम्पल ठेवणार कुठे?

मी : सेकंदाला २५६० सॅम्पल, प्रत्येकी दोन बाइट. एका प्रोबचे दिवसाला ४४ कोटी बाइट होतात. आज तेवढी जागा महाग नाही.

मामा : वाचणार कोण? रात्रपाळीचा माणूस ट्रेंडच बघतो.

मी : सगळं नको. टर्बाइन आपोआप बंद पडते त्या ट्रिपआधीची काही मिनिटं जपली तरी पुष्कळ.

मामा : ट्रिप व्हायची की नाही हे तुझा गाळलेला आकडा ठरवतो. ज्या बिघाडाने तो आकडा हललाच नाही, त्याची कच्ची नोंद तोवर तू पुसलेली असशील.

याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. काही घडो न घडो, रोज थोडी कच्ची नोंद जपून ठेवावी, एवढंच सुचतं. तेवढ्याने मामांचं समाधान होत नाही, माझंही नाही. पण नवी यंत्रणा बसवणाऱ्यांना एक विनंती आहे : प्रत्येक ट्रेंडच्या कोपऱ्यात सॅम्पल किती वेगाने घेतले आणि त्याआधी कोणता फिल्टर होता, हे छापा. रात्रपाळीच्या माणसाला ते कळायलाच हवं.