तवक्कुल आणि पाण्याचा काठ

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपली कुटुंबे घराबाहेर पडतात. कोणी मुरूड, दापोलीचा समुद्र गाठतो, कोणी गावाकडची नदी, विहीर वा धरण. पाणी ही अल्लाहची नेमत आहे आणि तिचा आनंद घेणे जायज आहे. परंतु दरवर्षी याच दिवसांत बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात आणि शोकाकुल घरात एक वाक्य हमखास कानी पडते : ‘त्याची वेळ भरली होती.’ मृत्यूची घटका अल्लाहने निश्चित केली आहे, हा आपल्या ईमानाचाच भाग आहे. प्रश्न एवढाच, की तकदीरवरील ही श्रद्धा आपल्याला जबाबदारीतून मुक्त करते काय?

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे एका माणसाने विचारले तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी आधी उंट बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले. सीरियाच्या वाटेवर प्लेगची वार्ता मिळताच हजरत उमर (रजि.) सहकाऱ्यांशी सल्लामसलत करून माघारी फिरले. हे तकदीरपासून पळणे नव्हे काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. आपण अल्लाहच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. म्हणजे सावधगिरी तकदीरच्या बाहेर नाही. तीही तकदीरचाच भाग आहे.

कोणी म्हणेल, बुडून मरणाऱ्याला हदीसमध्ये शहीद म्हटले आहे ना? होय, आणि आप्तांसाठी तो मोठा दिलासा आहे. पण तो दिलासा मृत्यूनंतरचा आहे, पाण्यात उतरण्यापूर्वीचा परवाना नव्हे. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, अशी ताकीद सूरह अल-बकराच्या 195 व्या आयतीत आहे. जीव ही आपली मालमत्ता नसून अमानत आहे. आणि मुले तर दुहेरी अमानत, कारण प्रत्येकाला त्याच्या हाताखालच्यांविषयी जाब द्यावा लागणार आहे.

फेब्रुवारी 2016 मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. समुद्र वरून शांत दिसला तरी आत ओढणारा प्रवाह दिसतोच असे नाही. म्हणून अनोळखी किनाऱ्यावर भरती-ओहोटीची वेळ स्थानिक कोळी बांधवांना विचारावी, त्यांनी नको म्हटले तर पाण्यात उतरू नये. प्रवाहाने ओढलेच तर त्याच्याशी झुंजत सरळ किनाऱ्याकडे येऊ नये. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे. धरणात आणि दगडखाणीच्या डोहात खोली एकाएकी वाढते. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, ते निमूटपणे पाण्याखाली जाते. म्हणून लहान मुलांपाशी, हात पोहोचेल इतक्या अंतरावर, एक मोठा माणूस नेमून ठेवावा आणि त्याने तेवढा वेळ मोबाइल बाजूला ठेवावा. बुरखा, साडी वा सलवार भिजली की हालचाल अवघड होते, हेही विसरू नये.

एका जिवाला वाचवणे म्हणजे अवघ्या मानवजातीला वाचवणे, ही कुरआनची शिकवण आपल्याला ठाऊक आहे. परंतु पोहता न येणारा भाऊ भावामागे उडी घेतो तेव्हा एकाऐवजी दोन जनाजे उठतात. काठावरूनच दोर, काठी, ओढणी किंवा रिकामा बंद कॅन फेकावा आणि मदतीसाठी हाक द्यावी. ही भीरुता नव्हे, हीच हिकमत आहे. आपल्या मुला-मुलींना जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहायला शिकवणे, हाही उंट बांधण्याचाच एक प्रकार आहे.

वाचकहो, सहलीला निघताना आपण प्रवासाची दुआ अवश्य पढतो. त्या दुआसोबत दोरही घ्यावा. सर्व उपाय करूनही जे घडेल, त्यावर सब्र करणे ईमान आहे. उपायच न करता जे घडते, त्याचे खापर तकदीरवर फोडणे ईमान नव्हे. अल्लाह आपल्या सर्वांच्या मुलांचे रक्षण करो. आमीन.