आधी सूड, मग कारण

सूडाचा सिनेमा बघताना आपण टाळ्या कधी वाजवतो, ते आठवून पाहा. नायकाचं जवळचं माणूस मारलं जातं, पोलीस काही करत नाहीत, आणि दीड तास आपला राग मंद आचेवर तापत राहतो. मग नायक हत्यार उचलतो आणि आपल्याला बरं वाटतं. समोर एक माणूस मारला जातोय, याचं त्या क्षणी काहीच वाटत नाही. हा निवाडा आपण केला, की गोष्ट सांगण्याच्या क्रमाने तो आपल्याकडून करून घेतला?

उलट्या क्रमाने गोष्ट सांगणारे थरारपट हाच प्रश्न पुढे आणतात. (इथून पुढे काही सिनेमांची रहस्यं उघड होतील, तेव्हा ते पाहायचे राहिले असतील तर लेख नंतर वाचा.)

ख्रिस्तोफर नोलनचा ‘मेमेंटो’ (२०००) सुरू होतो तोच खुनाने. लेनर्ड टेडीला गोळी घालतो. लेनर्डच्या बायकोवर हल्ला झाला, त्याच्याही डोक्याला मार बसला, आणि तेव्हापासून नवीन काही त्याच्या लक्षात राहत नाही. पोलरॉइड फोटो, चिठ्ठ्या आणि अंगावर गोंदवलेले पुरावे यांच्या आधाराने तो हल्लेखोराला शोधतोय. रंगीत प्रसंग मागे मागे जातात, कृष्णधवल प्रसंग सरळ पुढे येतात, आणि शेवटी दोन्ही एकमेकांना मिळतात. तिथे टेडी त्याला सांगतो, की खऱ्या हल्लेखोराला तू केव्हाच मारलं आहेस. लेनर्डला ते नको असतं. आपण हे सगळं विसरणार हे पक्कं ठाऊक असताना तो टेडीच्या गाडीचा नंबर पुरावा म्हणून नोंदवून ठेवतो. सूडाचं कारण संपलं, तर तो नवीन कारण तयार करतो.

या सिनेमातलं विस्मरण, फोटो आणि गोंदण आपल्याकडे ‘गजनी’त आलं, आधी तमिळमध्ये (२००५) आणि मग हिंदीत (२००८). उलटा क्रम मात्र आला नाही. नायकाची मारामारी आपण सुरुवातीलाच बघतो, पण शेवटचा सूड घेतला जाण्याआधी कल्पनाचं प्रेम आणि तिचा खून आपल्याला सविस्तर दाखवला जातो. त्यामुळे आमिर खानच्या हातून जे घडतं त्याबद्दल आपल्या मनात शंका उरत नाही. विसरणारा माणूस तोच, पण मेमेंटोत त्याचा आजार त्याच्या सूडावरच प्रश्न उभा करतो, आणि गजनीत तो सूडाच्या वाटेतला एक अडथळा ठरतो.

गास्पर नोएचा ‘इरिव्हर्सिबल’ (२००२) बघवत नाही इतका हिंसक आहे, आणि तो बघाच असं मी म्हणणार नाही. पण त्याची रचना महत्त्वाची आहे. सुरुवातीला पॅरिसमधल्या एका क्लबात एका माणसाला अग्निशामक नळकांड्याने ठेचून मारलं जातं. का, ते आपल्याला ठाऊक नसतं. दिसतात ते फक्त घाव. दोन मित्र एका स्त्रीवरच्या अत्याचाराचा बदला घेत होते, हे नंतर कळतं. आणि अत्याचार करणाऱ्याचा चेहरा दिसला की लक्षात येतं, मेला तो दुसराच कोणी. पुढे २०१९ मध्ये नोएने हाच सिनेमा सरळ क्रमाने लावून व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला. आता क्लबात शिरताना प्रेक्षकाजवळ त्या मित्रांइतकाच राग असतो. घटना त्याच, पण प्रेक्षक बदललेला असतो.

मग उलटा क्रमच खरा, असं म्हणायचं का? नाही. जीव वाचवण्यासाठी हात उचलणारी बाईसुद्धा, आधीचं काही न दाखवता नुसता तिचा हात दाखवला, तर गुन्हेगार दिसेल. कारण लपवणं हाही अन्यायच. उलटा क्रम फक्त दोन प्रश्न वेगळे करून दाखवतो. ‘त्याने असं का केलं?’ हा एक, आणि ‘त्याने केलं ते बरोबर होतं का?’ हा दुसरा. सरळ गोष्टीत पहिल्याचं उत्तर मिळालं, की दुसरा प्रश्न विचारायचं आपण विसरून जातो.

आपण घरापासून दूर राहणारी माणसं. घरची बातमी आपल्याला बहुधा उलटीच मिळते. ‘दोघा भावांचं बोलणं बंद आहे’, ‘काकांनी वाटणीची केस टाकली’, हे आधी कळतं. कारणं नंतर, एकेका फोनवर, कळत जातात. ज्याचा फोन पहिला येतो तो आपली गोष्ट जिथून सोयीची तिथून सुरू करतो, आणि आपण हजारो मैलांवरून एकाला दोषी ठरवून मोकळे होतो. कधी त्यानंतर पाच-सात वर्षं त्या घराची पायरीही चढत नाही.

अशा वेळी एक साधी कसोटी लावून पाहता येते. ऐकलेली गोष्ट मनात दोनदा सांगा. एकदा कारणापासून कृत्यापर्यंत, आणि एकदा कृत्यापासून मागे कारणापर्यंत. दोन्ही वेळा तुमचं मत तेच राहिलं, तर ते त्या कृत्याबद्दलचं मत आहे, त्यावर ठाम राहायला हरकत नाही. क्रम बदलताच मतही बदललं, तर निकाल देण्याची घाई करू नका. ज्याचा फोन अजून आलेला नाही, त्याला आधी आपणच फोन करा.