मिठाचा शब्द

मीरा रोडहून सुटलेली चर्चगेट गाडी. दाराजवळ अंग चोरून उभी असलेली मुलगी मोबाइलकडे पाहत ओठांतल्या ओठांत म्हणते : एफेमरल, क्षणभंगुर. दहिसर येईपर्यंत आणखी चार शब्द होतात. परीक्षा जवळ आलेली दिसते.

*

शब्दापुढे अर्थ लिहिला की दोन्ही सारखेच वाटू लागतात. पण एफेमरलच्या मुळाशी ग्रीकांचा 'दिवस' आहे. दिवसभर टिकेल ते एफेमरल. आपल्या क्षणभंगुराला क्षणाचंच आयुष्य. नाशवंताला त्यांनी एक दिवस दिला, आपण एक क्षण. यादीत मात्र दोघांमध्ये नुसती एक आडवी रेघ.

*

घोकलेला शब्द विचारल्यावर आठवतो. भेटलेला न विचारता.

*

रायव्हल म्हणजे प्रतिस्पर्धी, एवढं पाठ होतं. पुढे कळलं, लॅटिनमध्ये तो एकाच ओढ्याचं पाणी वापरणारा शेजारी. पाटाच्या पाळीवरून ज्या दोन घरांत अबोला धरलेला आहे, त्यांना या शब्दाचा फक्त उच्चार शिकायचा उरतो.

*

मीरा-भाईंदरच्या कडेला मिठागरं आहेत. भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांधानं अडवायचं, उन्हाच्या हवाली करायचं. पाणी जातं, मीठ राहतं. आगरी माणसांच्या पिढ्या या कामात गेल्या. आगर त्यांच्या नावातच आहे. आज इथल्याच इमारतींतून माणसं रोज पहाटे सॅलरीसाठी गाडी पकडतात. आणि सॅलरीचं मूळ लॅटिन सालारियम, त्याच्या पोटात साल, म्हणजे मीठ. रोमन शिपायांना पगार मिठात मिळे, या गोष्टीला पक्का पुरावा नाही. पण शब्दातलं मीठ खरं आहे. आपण खाल्ल्या मिठाला जागतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता चाकरी आणि मीठ एकाच ताटात वाढलं.

आणि पगार? तो पोर्तुगिजांचा. १७३९ पर्यंत खाडीपलीकडच्या वसईत त्यांचा अंमल होता. हा परका शब्द शिकायला कोणी क्लास लावला नाही. तो हातावर पडत गेला.

*

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द. पंडितांना विचारत विचारत एका इंग्रजानं आपले शब्द गोळा केले. येत नाही म्हणण्याची त्याला लाज वाटली असती, तर कोश झालाच नसता. मराठी शाळेतून आलेली हुशार मुलं मुलाखतीत एका इंग्रजी शब्दापाशी अडतात आणि मग बाकीचंही बोलत नाहीत. त्यांच्यापाशी सांगण्यासारखं होतं. ही हानी मला कुठल्याही नापास गुणपत्रिकेपेक्षा मोठी वाटते.

*

आई लेकराचं उष्टं खाते. एवढ्या वाक्याचं इंग्रजी करून पाहावं. अन्नाचं होतं, नात्याचं होत नाही.

*

म्हणून इंग्रजी शब्द शिकू नयेत असं नाही. भरपूर शिकावेत. नॉशियात जहाज आहे, कम्पॅनियनमध्ये भाकरी आहे. फोडून पाहिल्यावर कठीण शब्द कठीण राहत नाही, ओळखीचा निघतो.

*

संध्याकाळी परतताना तीच मुलगी, तीच यादी. आता शब्द आहे ब्रॅकिश. अर्थ, किंचित खारट. दहिसर सुटलं आहे, खाडीचा वास डब्यात शिरला आहे. या पाण्याला आपल्याकडे मचूळ म्हणतात. तो शब्द तिला येत नसेल, तर तो तिला कोणत्या यादीत मिळणार?