न बोलावलेल्या बायका

निसरपुरात घरी मराठी आणि बाजारात निमाडी बोलणाऱ्या आमच्या कुटुंबांत, दुखेनासे होईपर्यंत दुखणे अंगावर काढणे हा बायकांचा गुण मानतात. "काही होत नाही, मग तपासायचे काय?" हे पालकसभेतही मुख्याध्यापक म्हणून मी ऐकतो. याला उत्तर आहे. पण ते ज्या रीतीने मिळाले, ती मला अस्वस्थ करते.

उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास केला. गावांचे चार गट पाडले. तीन गटांना गर्भाशयमुखाच्या तपासणीला बोलावले, प्रत्येकाला वेगळ्या पद्धतीच्या. चौथ्याला नुसती माहिती दिली. ज्या गटाची एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच चाचणी झाली, त्यात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ बायका गेल्या. न बोलावलेल्या, जवळपास तेवढ्याच गटात ६४.

हे न्याय्य होते काय? तुलनेवाचून चाचणीचा गुण सिद्ध होत नाही, हे मान्य. त्या गावांत अशी तपासणी एरवीही होत नव्हती, म्हणजे कोणाचे काही हिरावले नाही, हेही खरे. तरी ६४ हा आकडा मला फळ्यावर लिहवत नाही. माझ्या मते मोठा अन्याय अभ्यासाच्या रचनेत नाही. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. त्याची किंमत कोणी मोजली, हेही ठाऊक आहे. आणि आमच्या घरांत अजून ऐकू येते : "कापूस निघू द्या, मग बघू."